सुटका एका दिवसाची, सांभाळ वीस वर्षांचा

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि गोशाळांमधील देशी गायींच्या पोषणासाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये अनुदानही त्याच वेळी मंजूर केले. दर्जाविषयी देशभर बरीच चर्चा झाली. ५० रुपयांच्या आकड्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक, पशू वाचवण्याचे काम करणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो हाच आकडा.

त्याची तुलना करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुष्काळात याच राज्याने चारा छावण्या चालवल्या. बीड, सोलापूर, सातारा आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत लाखो जनावरे महिनोन्‌महिने छावणीत होती. त्या वेळी मोठ्या जनावरामागे दररोज १०० रुपये आणि लहान जनावरामागे ५० रुपये, असा दर अखेरीस शासनाने ठरवला. म्हणजे छावणीत जनावर जगवण्यासाठी २०१९ मध्ये जी रक्कम शासनालाच आवश्यक वाटली, तिच्या निम्मी रक्कम २०२४ मध्ये गोशाळेच्या वाट्याला आली. अनुदान म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे, हे मान्य केले तरी उरलेला निम्मा भाग कोणी द्यायचा, हा प्रश्न राहतोच. शिवाय छावणी पावसाळा आला की मोडते. आसरागृह मोडता येत नाही.

घोडा, गाढव, खेचर, म्हैस आणि संकरित गाय यांना या अनुदानात स्थान नाही. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे; पोलीस त्यांना जप्त करतात, न्यायालये त्यांच्याविषयी सविस्तर निकाल देतात. पण जप्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे वैरण टाकण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेत अजून सापडत नाही. मोठ्या जनावरांच्या आसरागृहांची सर्व दुखणी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाले. सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या धनिकांनी त्याला आधार दिला. परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे. तेव्हाच्या दात्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. जनावराला आसरा द्यायचा तर आधी जमीन हवी, कायमचे उत्पन्न हवे आणि कुरण हवे. दया ही नंतरची बाब. म्हणूनच जुन्या पांजरपोळांना जमिनी मिळाल्या, बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी उलाढालीवर धर्मादाय लाग बसवून घेतला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निघालेल्या बहुसंख्य संस्था याच्या उलट क्रमाने उभ्या राहिल्या आहेत. प्रथम जनावर येते, मग भाड्याची जागा शोधली जाते आणि निधीचा विचार सर्वांत शेवटी होतो.

साधा हिशेब करून पाहावा. टांग्यातून किंवा वीटभट्टीवरून सोडवलेली घोडी दहा वर्षांची असली, तर नीट देखभालीत ती आणखी पंधरा वर्षे सहज जगते. छावणीचा १०० रुपयांचा दर धरला तरी एका घोडीचा केवळ पोटाचा खर्च साडेपाच लाख रुपयांच्या आसपास जातो. शंभर जनावरांच्या संस्थेला याच दराने वर्षाला साडेछत्तीस लाख रुपये लागतात. त्यात औषधे, मजुरी, पाणी आणि नालबंद धरलेले नाहीत. सुटकेच्या दिवशीची छायाचित्रे प्रसिद्ध होतात तेव्हा देणग्या येतात. अकराव्या वर्षी त्याच घोडीचे दात झिजले, तिला भिजवलेली कुट्टी द्यावी लागते, हे सांगून देणगी मिळवणे फार अवघड असते.

दान वसुबारसेला आणि संक्रांतीला येते. वैरण महाग होते ती एप्रिल ते जून या काळात. सणाच्या दिवशी भाविक आणतात ते बहुधा पोळ्या, भात आणि लापशी. चाऱ्यावर जगणाऱ्या गायीच्या पोटात असे पिठूळ अन्न एकदम मोठ्या प्रमाणात गेले, तर आम्लता वाढून ती दगावू शकते. वर्षातील सर्वाधिक पुण्याचा दिवस गोशाळेच्या पशुवैद्यकासाठी पुष्कळदा सर्वाधिक धावपळीचा ठरतो, तो यामुळे.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते त्यापेक्षा हे काम अधिक तांत्रिक आहे. उपाशी घोड्याचेच उदाहरण घेऊ. हाडांचा सापळा झालेला घोडा पाहिला की कोणाचाही पहिला विचार असतो, भरपूर हरभरा आणि पेंड द्यावी. तेच त्याच्या जिवावर बेतते. दीर्घ उपासमारीत शरीरातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी धान्य पोटात गेले की इन्सुलिन वाढते, रक्तातील उरलेली ही द्रव्ये पेशींमध्ये ओढली जातात आणि तीन ते दहा दिवसांत हृदय किंवा श्वसन बंद पडू शकते. भुकेने जगलेला घोडा दयेने मरतो, तो असा. त्याला सुरुवातीला दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो वाळलेले लसूणघास द्यावे लागते, रात्रीही. ते हळूहळू वाढवत दहा दिवसांनी पूर्ण आहारावर आणायचे, आणि वजन भरून येण्यास पुढे तीन ते पाच महिने लागतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचे खाल्ले तर पोटशूळ उठतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावे लागतात, दातांना वर्षातून एकदा कानस लावावी लागते. नालबंदाचे कसब जाणणारी माणसे टांग्यांबरोबरच शहरांतून कमी होत गेली. घोडा वाचला आणि त्याचा कारागीर मात्र गेला, अशी ही स्थिती आहे.

गाय किंवा बैल बसला की प्रश्न निराळा. चारशे किलोंचे जनावर एका कुशीवर पडून राहिले तर स्वतःच्याच भाराने त्याचे स्नायू आणि नसा निकामी होतात. म्हणून दर काही तासांनी कूस बदलावी लागते, खाली पेंढ्याचा किंवा वाळूचा जाड थर हवा. याला चार माणसे लागतात, आणि ती रात्री दोन वाजताही हजर असावी लागतात. शहरातील मोकाट गायींच्या पोटातून शस्त्रक्रियेने तीस-चाळीस किलो प्लास्टिक निघाल्याची उदाहरणे आहेत. आंध्र प्रदेशातील पुट्टपर्ती येथील करुणा सोसायटीने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती याच विषयावर. शस्त्रक्रियेने ती गाय वाचते. पण तिला पुन्हा त्याच उकिरड्यावर सोडायचे नसेल, तर ती संस्थेची आयुष्यभराची पाहुणी होते.

याहून मोठा धोका साथीचा. आसरागृहात येणारे जनावर कुठून आले, याचा इतिहास बहुधा कोणालाच माहीत नसतो. ग्लँडर्स हा घोडा, गाढव व खेचर यांना होणारा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. अनेक वर्षांच्या खंडानंतर तो २००६ मध्ये देशात पुन्हा आढळला तो महाराष्ट्रातच, पुणे आणि पाचगणी येथे. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो अधिसूचित रोग आहे, आणि बाधित ठरलेल्या जनावराला वेदनारहित मरण देणे हाच त्यावरील मार्ग आहे. म्हणून नवा घोडा आला की त्याला इतरांपासून दूर बांधणे, रक्ताचा नमुना तपासणीस पाठवणे आणि अहवाल येईपर्यंत थांबणे, हा सांभाळाचा पहिला नियम. ज्या संस्थेकडे वेगळी जागा नाही, तिने घोडा घेणे म्हणजे आधीचे सर्व घोडे पणाला लावणे होय. गायींच्या बाबतीत हा धडा २०२२ मध्ये मिळाला. राजस्थान आणि गुजरातनंतर महाराष्ट्रात पसरलेला लंपी त्वचारोग डास, माश्या व गोचिडांमार्फत पसरतो, आणि दाटीवाटीने बांधलेल्या गोठ्याइतकी सोयीची जागा त्याला दुसरी नाही. गायींच्या या रोगावरील देशी लस विकसित करण्यात पुढाकार होता तो हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा!

कायद्याकडे वळले तर विसंगती आणखी ठळक होते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड ठेवण्यात आला, आणि साठ वर्षे उलटली तरी तो तसाच राहिला. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारणेचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. क्रूरतेबद्दल न्यायालयात भरावयाचा कमाल दंड हा जप्त जनावराच्या एका दिवसाच्या वैरणीलाही पुरत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

कायद्याने देखभालीचा विचार केलाच नाही, असे नाही. जप्त जनावराच्या उपचाराचा व ने-आणीचा खर्च मालकाने द्यावा, अशी तरतूद ३५ व्या कलमात आहे. २०१७ मध्ये केंद्राने मुद्देमाल म्हणून ताब्यात असलेल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र नियम केले. खटला चालू असताना जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे ठेवावे आणि खर्चाच्या हमीसाठी आरोपीकडून बंधपत्र घ्यावे, असे ते सांगतात. याविरुद्ध म्हैस व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. दोष सिद्ध होण्यापूर्वीच जनावर हिरावले जाते, हा त्यांचा आक्षेप होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानेही हे नियम मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे मत व्यक्त करून केंद्राला फेरविचार करण्यास सांगितले. व्यापाऱ्याचा हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ते जनावर त्याच्या चरितार्थाचे साधन आहे. परंतु खटला पाच वर्षे चालला तर त्या पाच वर्षांत संस्थेचे पैसे पडून राहतात आणि शेवटी जनावर परत द्यावे लागते, की ते तिथेच म्हातारे होते, हेही तिला ठाऊक नसते. जनावराला फौजदारी मुद्देमाल मानण्यातच ही अडचण आहे. जप्त केलेली मोटार पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत ठेवता येते. बैल तसा ठेवता येत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरियांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. प्राणिप्रेमी संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये निकाल दिला. केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगण्यात आले. घोडे डांबरी रस्त्यांवर धावत होते, तबेल्यांना परवाने नव्हते, खुरांची व पायांची दशा वाईट होती. निकाल योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चालकांच्या आणि मालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही न्यायालयाने शासनाला सांगितले होते. ती चर्चा पुढे काही वर्षे चालली आणि २०२१ मध्ये विजेवर धावणाऱ्या, घोड्याविना गाड्या मुंबईत आल्या. मात्र गाडीचा परवाना जाणे आणि घोडा आसरागृहात पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घोडा मालकाचाच राहतो. गाडी बंद झाल्यावर त्याला रोज खाऊ घालणे परवडत नाही, म्हणून तो लग्नाच्या वरातीसाठी, दुसऱ्या शहरातील टांग्यासाठी किंवा मिळेल त्या गिऱ्हाइकाला तो विकू शकतो. बंदीचा निकाल देताना त्यासोबत घोडा विकत घेण्याची, त्याची ओळख नोंदवण्याची आणि त्याच्या वैरणीची तजवीज झाली नाही, तर बंदीमुळे घोड्याचे कष्ट संपत नाहीत. ते फक्त आपल्या नजरेआड जातात.

आणि असे नजरेआड जाणारे पशू किती असावेत? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. गाढवे १ लाख २० हजारांवर आली, म्हणजे ६१ टक्के कमी. खेचरे निम्म्याहूनही कमी झाली. यंत्रे आली, रस्ते झाले, वाहतुकीचे टेम्पो गल्लीबोळांत शिरले, हे कारण उघड आहे, आणि गाढवाच्या कातड्याला चीनमधील औषधनिर्मितीसाठी असलेली मागणीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. गायीबैलांचे चित्र वेगळे. देशात १९ कोटी २५ लाख गोवंश, आणि त्याखेरीज मोकाट गुरे ५० लाखांच्या वर. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. म्हाताऱ्या बैलाची विक्री करून नव्या बैलाच्या किमतीचा काही भाग उभा करणे, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा जुना व्यवहार होता. तो थांबल्यावर बैल दावणीलाच राहणार किंवा रस्त्यावर येणार, हे कायदा करतानाही दिसत होते. उत्तर प्रदेशाने २०१९ मध्ये गोकल्याणासाठी अधिभार बसवला, आसराकेंद्रांना प्रतिजनावर ३० रुपये देऊ केले आणि २०२३ मध्ये ते ५० केले. दोन्ही राज्ये त्याच ५० रुपयांवर थांबली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

निधी अपुरा आणि जनावरे अमर्याद, असे झाले म्हणजे काय घडते ते जयपूरजवळच्या हिंगोनिया गोशाळेने २०१६ मध्ये दाखवले. महापालिकेच्या या गोशाळेत हजारो गायी होत्या. वेतन थकल्याने कंत्राटी कामगार संपावर गेले, त्याच दिवसांत जोराचा पाऊस झाला, गोठ्यांत चिखल साचला आणि त्यात रुतून, उपाशी राहून शेकडो गायी दगावल्या. तिथे कोणी क्रूर नव्हते. शेण काढणाऱ्या माणसाचा पगार झाला नव्हता, इतकेच. पुढे ती गोशाळा एका धार्मिक न्यासाकडे सोपवण्यात आली.

जी संस्था कोणत्याही जनावराला नाही म्हणत नाही, तिच्याविषयी आपल्याला आदर वाटतो. तो आदर तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पन्नास जनावरांच्या जागेत दीडशे घेणारी संस्था शंभरांना वाचवत नाही, दीडशेंना अर्धपोटी ठेवते. आपली क्षमता जाहीर करणे आणि ती भरली की दार बंद करणे, हा नियम संस्थाचालकाला निष्ठुर वाटला तरी पाळावा लागतो. दुसरा नियम प्रजननाचा. नर वेगळे ठेवले नाहीत किंवा खच्ची केले नाहीत, तर आसरागृह आतूनच भरत जाते. काही गोशाळा दुधाच्या उत्पन्नासाठी गायी विऊ देतात आणि मग होणाऱ्या गोऱ्ह्यांच्या संगोपनासाठी देणग्या मागतात. याला आसरा म्हणावे की दुग्धव्यवसाय, याचा निवाडा देणगीदारांनी करावा.

तिसरा नियम सर्वांत अवघड. १९६० च्या कायद्याचे १३ वे कलम असाध्य वेदनेतील प्राण्याला मरण देण्याची मुभा देते. आपल्या पांजरपोळांच्या परंपरेला ते मान्य नाही, आणि त्यामागची श्रद्धा समजण्यासारखी आहे. डोरोथी ब्रूक या इंग्रज महिलेने १९३० च्या सुमारास इजिप्तमधील कैरो येथे पहिल्या महायुद्धातून उरलेले लष्करी घोडे म्हातारपणी गाड्या ओढताना पाहिले. त्यांनी मायदेशी वृत्तपत्रातून आवाहन केले, निधी जमवून हजारो घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये तिथे रुग्णालय स्थापन केले. विकत घेतलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांना मात्र त्यांनी काही दिवस विश्रांती व चारा देऊन शांतपणे मरू दिले, कारण ते बरे होण्यापलीकडे गेले होते. त्यांची सुटका झाली नाही, असे म्हणणे कठीण आहे.

त्याच कार्यातून वाढलेल्या संस्थेने १९९२ पासून भारतात वीटभट्ट्या आणि टांगास्थानकांवर काम सुरू केले, ते घोडे सोडवण्याऐवजी मालकाला शिकवण्याच्या पद्धतीने. खोगीर कुठे घासते, पाणी केव्हा पाजावे, धनुर्वाताची लस का टोचावी, नाल कशी बसवावी. सांगली, सोलापूर व सातारा या ऊसपट्ट्यात २००३ पासून ‘ॲनिमल राहत’ ही संस्था बैलांसाठी याच तऱ्हेने काम करीत आहे. कारखान्याच्या हंगामात जोखडाने सुजलेल्या खांद्यांवर उपचार करणे, गाडीवर किती ऊस भरावा यावर लक्ष ठेवणे आणि निवृत्त बैल मालकाच्याच गोठ्यात कसा राहील हे पाहणे, हा तिच्या कामाचा भाग आहे. जे जनावर मालकाकडे बरे होते, त्याच्यासाठी आसरागृहात जागा लागत नाही. याचा खर्च सुटकेच्या तुलनेत थोडा असतो, मात्र त्यात छायाचित्र काढण्यासारखे फारसे काही नसते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात एकविसावी पशुगणना सुरू झाली. पशुगणनेत मोकाट गुरांची नोंद होते. आसरागृहांतील जनावरांचाही वेगळा रकाना जिल्हानिहाय प्रसिद्ध झाला, आणि त्यात घोडे, गाढवे व संकरित गायी धरल्या गेल्या, तर ५० रुपयांचा दर नेमका कोणाला आणि किती दिवस पुरतो, याचा हिशेब मंत्रालयात बसूनही करता येईल.